फिरा गावात फिरायचं, पण गर्दी ओसरल्यावर

मागच्या अंकात ग्रीसचा नुसता ओझरता उल्लेख केला तर या महिन्यात सँटोरिनीवरच पत्रांचा ढीग, आणि सगळ्यांचा सूर जवळपास एकच, फोटो बघून जीव जातो पण गर्दीचं ऐकून पाय मागे येतो. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवते आणि हे एकच बेट घेते. मी तिथे दोनदा गेलेय, एकदा सप्टेंबरच्या सुरुवातीला आणि एकदा ऑक्टोबरच्या शेवटी, आणि दोन वेगळ्याच बेटांवर जाऊन आल्यासारखं वाटलं होतं.

प्रश्न : ताई नमस्कार, आमच्या लग्नाला या वर्षी पंचवीस वर्षं होतायत आणि ह्यांनी स्वतःहून (!) सँटोरिनी म्हटलंय. माझी मैत्रीण ऑगस्टमध्ये गेली होती, ती म्हणते गल्लीत माणसावर माणूस, घरी येऊन फोटो बघितले तर सगळ्यात दुसऱ्यांच्याच पाठी. ट्रॅव्हलवाले म्हणतात ऑक्टोबर म्हणजे ऑफ सीझन, गर्दी नसतेच. खरं आहे का हे? आम्हाला सप्टेंबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत कधीही सुट्टी मिळेल, चार रात्री आहेत. ह्यांना समुद्रात डुंबायचंय, मला तो सूर्यास्त बघायचाय, आणि दोघांनाही रांगेत उभं राहायचं नाहीये.
– रौप्यमहोत्सवी जोडी

उत्तर : आधी अभिनंदन, आणि ह्यांनी स्वतःहून म्हटलंय म्हणजे मत बदलायच्या आत व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊन टाका, शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

आता वाईट बातमी. ऑक्टोबरात गर्दी नसतेच असं जे सांगतात ते एकतर तिथे गेलेले नाहीत नाहीतर त्यांना बुकिंग हवंय. सप्टेंबर तर ऑगस्टचा सख्खा भाऊच. ऑक्टोबरात हॉटेलात राहणारे खरंच कमी होतात, पण क्रूझची जहाजं येतच राहतात, आणि फोटोत आपण जी गर्दी बघतो ना, ती बरीचशी या जहाजांची असते. २०२३ मध्ये ८०० च्या आसपास जहाजं आणि १३ लाखांच्या आसपास क्रूझ प्रवासी या बेटावर येऊन गेले, आणि तिथे कायमचे राहणारे जेमतेम पंधरा-सोळा हजार, म्हणजे बघा. काही दिवशी तर ११ हजारांच्या वर माणसं एकाच दिवसात उतरायची, शेवटी २०२५ पासून दिवसाला ८,००० अशी मर्यादा घातली आणि क्रूझने येणाऱ्यांवर माणशी कर बसवला, जून ते सप्टेंबर २० युरो आणि ऑक्टोबरात १२. तुम्ही फेरीने किंवा विमानाने गेलात तर हा कर तुम्हाला नाही, पण हॉटेलात वेगळा कर असतो, चार तारे असतील तर एप्रिल ते ऑक्टोबर खोलीमागे रात्रीला १० युरो, आणि बुकिंगचे पैसे आधी भरलेले असले तरी हा काउंटरवर मागतात, तेव्हा तिथे भांडू नका, फसवत नाहीयेत ते.

पण या जहाजवाल्या गर्दीची एक गंमत आहे. ती घड्याळावर चालते. जहाजं साधारण सकाळी येतात, धक्क्याला लागत नाहीत, कालडेराच्या मधोमध उभी राहतात (कालडेरा म्हणजे ज्वालामुखीचा मधला भाग खचून तिथे समुद्र शिरलाय तो, बेट म्हणजे त्या खड्ड्याचा उरलेला काठ). मग लहान बोटींनी माणसं फिरा गावाच्या खालच्या जुन्या बंदरात आणतात आणि तिथून केबल कारने वर, नाहीतर ५८० च्या वर पायऱ्या चढून. काहींना बसमध्ये घालून थेट इयाला नेतात. संध्याकाळी सगळे परत बोटीवर. म्हणजे गर्दी महिन्याची कमी आणि तासांची जास्त. साधारण दहा ते पाच फिरा आणि इया ही दोन गावं त्यांची, बाकीचा वेळ तुमचा. आणि कुठल्या दिवशी किती जहाजं येणार याचं वेळापत्रक आधीच नेटवर मिळतं, ते बघून चार दिवसांचं गणित मांडा, ज्या दिवशी चार-पाच जहाजं असतील त्या दिवशी बेटाच्या दक्षिणेला पळा आणि ज्या दिवशी एखादंच असेल त्या दिवशी आरामात फिरात फिरा. (हो, गावाचं नावच फिरा आहे, मराठी माणसाला काय करायचं ते आधीच सांगून ठेवलंय. आणि Oia चं स्पेलिंग बघून ओइया म्हणू नका, तिथे ते इया आहे, बसवाल्याला ओइया कळत नाही.)

तारखा म्हणाल तर मी १० ते २७ ऑक्टोबरच्या मधले दिवस धरीन. उन्हाळ्यात तिथे मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा पिसाटल्यासारखा वाहतो तो तोवर बराच शांत झालेला असतो, दिवसा बावीस-तेवीस डिग्री, समुद्रसुद्धा साधारण तेवढाच कोमट कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी लवकर निवत नाही, त्यामुळे ह्यांचं डुंबणं होऊन जाईल. ऑक्टोबरच्या शेवटी सेंट दिमित्रीचा सण असतो, २६ तारखेला, आणि त्या सुमाराला जे चार उबदार दिवस येतात त्याला ग्रीक लोक सेंट दिमित्रीचा छोटा उन्हाळा म्हणतात, आपल्या ऑक्टोबर हीटचा गोड स्वभावाचा चुलतभाऊ म्हणा हवं तर. पाऊस एखादी सर येऊ शकते, जॅकेट ठेवा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात हे लिहूनच ठेवा, कारण १५ ऑक्टोबरला सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि महिनाअखेरीस साडेपाचच्याही आधी, मी हा घोळ घातलाय, हॉटेलच्या गच्चीवर तयार होऊन आले तर बाहेर अंधार.

राहायचं कुठे, तर इयात राहू नका असं मी म्हणणार नाही पण पैसे वाचवायचे असतील आणि शांतता हवी असेल तर इमेरोविग्ली किंवा फिरोस्तेफानी बघा, कालडेराच्या काठावरच आहेत, दृश्य तेच, आणि फिरापर्यंत काठाकाठाने चालत जाता येतं. फक्त एक लक्षात घ्या की काठावर राहिलात तर समुद्र खाली दिसतो, हाताला लागत नाही, खाली सरळ कडा आहे. डुंबायचं तर बेटाच्या दुसऱ्या अंगाला, पेरिसा, पेरिवोलोस, कमारी, तिथे काळ्या वाळूचे किनारे आहेत. म्हणून दोन रात्री काठावर आणि दोन रात्री पेरिसात असं वाटून घ्या, बेट लहान आहे, सामान हलवायला फार त्रास नाही.

आता तुमचा सूर्यास्त. पहिल्या खेपेला मी इयाच्या त्या पडक्या किल्ल्यावर दीड तास आधी जाऊन उभी राहिले होते, समोर एक उंच माणूस, त्याच्या पुढे सेल्फी स्टिक, बाजूला एक बाई लांबलचक लाल ड्रेसचा पदर वाऱ्यावर उडवून घेतेय आणि तिचा फोटोग्राफर सगळ्यांना सरका सरका म्हणतोय, आणि सूर्य मावळला हे मला लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा कळलं. खरंच, टाळ्या वाजवतात. मग बसला जी झुंबड, पहिली बस भरून गेली, दुसरीत कोपर खुपसून घुसावं लागलं. म्हणून इयाचा सूर्यास्त विसरा आणि इयाची सकाळ घ्या. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसातच्या आसपास उजाडतं, त्या वेळी तिथे पोचलात तर संगमरवरी फरशीच्या त्या मुख्य गल्लीत मांजरं आणि पाइपने फरशी धुणारा एखादा माणूस, बास. मी दुसऱ्या खेपेला गेले तेव्हा समोरून दोन खेचरं सिमेंटच्या गोण्या घेऊन आली, घंटा वाजवत, मला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, सीझन संपत आला की डागडुजी आणि चुना मारणं सुरू होतं ना. तो ओल्या चुन्याचा वास आणि खाली पाण्यावर अजून न पडलेलं ऊन, असं इया मला कुठल्याच फोटोत दिसलेलं नाही. नऊला नाश्ता करा, दहाला निघा. तुम्ही बाहेर पडताना बसमधून लोक उतरत असतील.

मावळतीला पिर्गोसला जा. जुनी राजधानी आहे ही, टेकडीवर गोल गोल गल्ल्या चढत जातात आणि वरून बेटाच्या दोन्ही बाजू दिसतात. नाहीतर बेटाच्या नैऋत्य टोकाला अक्रोतिरीचा दीपस्तंभ आहे, १८९२ सालचा, तिथे लोक असतात पण खडकांवर पसरून बसलेले असतात, एकमेकांच्या अंगावर नाही, आणि सूर्य थेट मोकळ्या समुद्रात बुडतो. पिर्गोसहून बस कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा, टॅक्सी बेटावर मोजक्याच आहेत आणि त्या वेळी सगळ्यांनाच हव्या असतात.

जहाजांचा दिवस असेल तेव्हा दक्षिणेला काय करायचं, तर अक्रोतिरीचं उत्खनन सकाळी उघडल्या उघडल्या. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटात राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव, १९६७ मध्ये स्पिरिदोन मारिनातोस यांनी खणायला सुरुवात केली, दोन-तीन मजली घरं आहेत, दगडी जिने भूकंपात मधोमध तडकलेले तसेच, सांडपाण्याची गटारंसुद्धा. आणि एकही सांगाडा सापडला नाही, म्हणजे लोक वेळेत निघून गेले असणार, मला तिथे उभं राहून हीच गोष्ट सगळ्यात जास्त भिडली. भिंतीवरची चित्रं मात्र तिथे नाहीत, निळी माकडं फिराच्या म्युझियममध्ये आणि मुष्टियुद्ध करणारी मुलं अथेन्सला. २८ ऑक्टोबर हा ग्रीसचा राष्ट्रीय दिवस, ओहि दिवस म्हणतात, त्या दिवशी सरकारी म्युझियम आणि उत्खननं सगळ्यांना फुकट असतात. तिथून एम्पोरिओ गावात जा, किल्ल्याच्या आतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने उंबऱ्यावर चढायचं. वाटेत द्राक्षांचे मळे लागतील आणि पहिल्यांदा तुम्हाला कळणारच नाही की हे मळे आहेत, कारण मांडव नाही काही नाही, वेल जमिनीवरच गोल गोल वळवून चुंबळ करून ठेवलेली असते, डोक्यावर हंडा घ्यायला करतात तशी. वाऱ्यापासून द्राक्षं वाचावीत म्हणून घड आतमध्ये वाढतात. शरदात द्राक्षं निघून गेलेली असतात, तोडणी ऑगस्टमध्येच होते, उरते ती पिवळी पडत चाललेली पानं आणि काळ्या मातीवर शेकडो चुंबळी. असिर्तिको नावाची पांढरी वाईन याच द्राक्षांची, घेत असाल तर तिथेच घ्या, पंचवीस वर्षं झालीयत म्हणताय.

इयाच्या खालच्या अमूदी बंदरातून थिरासियाला जायची बोट मिळाली तर अर्धा दिवस तिकडे काढा, समोरचंच बेट, दोन-तीनशे वस्तीचं. लाल किनारा म्हणून जो प्रसिद्ध आहे तो लांबूनच बघा, कडा ढासळतो तिथला, पाट्या लावल्यात तरी लोक खाली जातात.

प्रश्न : फेरी की विमान? फेरीचे फोटो भारी वाटतात पण शरदात समुद्र खवळतो म्हणतात. आम्ही चार मित्र, बजेट टाइट.

उत्तर : बजेट टाइट असेल तर पिरेअसहून, म्हणजे अथेन्सच्या बंदरातून, मोठी साधी फेरी, सात-आठ तास लागतात, डेकवर बसा, आणि कालडेरात शिरताना सगळे एकदम उठून कठड्याशी जातात तो क्षण विमानात मिळत नाही. हायस्पीड बोट पाच तासांच्या आसपास घेते, महाग पडते, आणि आत बसूनच राहावं लागतं, वर मळमळ जास्त. शरदाच्या बाबतीत महत्त्वाचं हे की वारा ठरावीक जोराच्या वर गेला की बंदराचे अधिकारी बोटी सोडतच नाहीत, हायस्पीडवर बंदी आधी येते, मोठ्या फेरीवर नंतर. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटी हायस्पीडच्या फेऱ्या कमी होत जातात.

माझं काय झालं सांगते. दुसऱ्या खेपेला परतीचं विमान अथेन्सहून दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि आदल्या दिवशी दुपारची हायस्पीड. बंदरावर उतरले तर शुकशुकाट, वारा असा की बॅग आपोआप चालायला लागली, तिकीट खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं उद्या बघू. कंपनीचा मेसेज नंतर दोन तासांनी आला, वरातीमागून घोडं. रात्रीच्या मोठ्या फेरीत कशीबशी जागा मिळाली, खुर्चीत बसून रात्र काढली आणि पहाटे पिरेअसहून धावतपळत एअरपोर्ट गाठला. तेव्हा परतीच्या विमानाच्या आदली रात्र अथेन्समध्येच हवी, हा नियम मोडू नका. संपसुद्धा असतात मधूनमधून फेरीवाल्यांचे. विमान अथेन्सहून पाऊणएक तासाचं, वाऱ्याने तेही रखडतं कधीकधी, पण लवकर बुक केलं तर हायस्पीडपेक्षा फार महाग पडत नाही.

चौघं आहात तर तिथे गेल्यावर एक छोटी गाडी भाड्याने घ्या, बसपेक्षा वेळ वाचेल, कारण सगळ्या बस फिरावरूनच जातात, पेरिसाहून इयाला जायचं तरी फिरात उतरून दुसरी पकडायची. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घरूनच काढून न्या, आपलं नुसतं लायसन्स तिथे चालत नाही. आणि ते चार चाकांचं उघडं क्वाड, पोरं हौसेने घेतात ते, मी नको म्हणेन. वळणं, खडी, वारा आणि समोरून टूरची बस.

प्रश्न : आईला (वय ७१) घेऊन जायचंय, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, चालते पण पायऱ्या नको. सगळे म्हणतात सँटोरिनी म्हणजे पायऱ्याच पायऱ्या, बेत रद्द करू का?

उत्तर : रद्द नका करू, फक्त हॉटेल डोळे उघडे ठेवून घ्या. त्या सुंदर पांढऱ्या गुहेसारख्या खोल्या कड्यात कोरलेल्या असतात आणि रस्त्यापासून खोलीच्या दारापर्यंत ऐंशी-शंभर पायऱ्या सहज असतात, त्या फोटोत येत नाहीत. तेव्हा हॉटेलला मेल करून एकच प्रश्न विचारा, गाडी थांबते तिथून खोलीच्या दारापर्यंत पायऱ्या किती. "थोड्या" असं उत्तर आलं तर आकडा मागा. ग्रीक थोड्या आणि आपल्या थोड्या यात फरक आहे.

आईंसाठी कमारी किंवा पेरिसा उत्तम, सपाट रस्ता, समुद्राला लागून बसायला जागा. अक्रोतिरीचं उत्खनन छपराखाली आहे, चालायला पुलासारखे मार्ग केलेत, ते जमेल. इयाची मुख्य गल्ली बऱ्यापैकी सपाट आहे, फक्त फरशी गुळगुळीत, पावसाची सर पडून गेली की घसरते, रबरी तळाचे बूट द्या. मेगालोहोरीचा चौक छान, सावली आहे, घंटाघराच्या कमानीखालून रस्ता जातो. पिर्गोसच्या वर मात्र नेऊ नका, खालच्या चौकात बसवा. कालडेरा बघायला फिरोस्तेफानीत गाडी जवळ जाते.

जुन्या बंदरात उतरण्याचं काही कारणच नाही, तुमची फेरी अथिनिओसच्या बंदराला लागते, तिथून बस किंवा गाडी वर येते. पण कुणी सुचवलं की आजींना गाढवावरून न्या, तर सरळ नाही म्हणा. गाढवाच्या पाठीवर १०० किलोच्या वर ओझं नको असा नियमच करावा लागला ग्रीस सरकारला २०१८ मध्ये, यावरून काय ते समजा, आणि घसरत्या पायऱ्यांवर ऑपरेशन झालेला गुडघा घेऊन त्या खोगिरावर बसणं म्हणजे आईंनाही शिक्षा आणि गाढवालाही.

प्रश्न : मागे तिथे भूकंप झाले होते ना सारखे? बायको म्हणते ज्वालामुखीवर कशाला जायचं पैसे देऊन.

उत्तर : वहिनींचं चुकीचं नाहीये. २०२५ च्या जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीभर सँटोरिनी आणि अमोर्गोस या दोन बेटांच्या मधल्या समुद्रात हजारो धक्के बसले, सगळ्यात मोठा ५.३ चा, शाळा बंद, आणीबाणी जाहीर, ११ हजारांच्या वर लोक फेऱ्यांनी आणि विमानांनी बेट सोडून गेले. मार्चपर्यंत सगळं निवळलं आणि त्याच वर्षी पर्यटक परत आले. खाली शिलारस सरकत होता त्याचे ते धक्के होते. समुद्राच्या मध्ये जे काळं बेट दिसतं, नेआ कामेनी, तिथे शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला होता आणि तिथे आज टूरच्या बोटी जातात. १९५६ च्या जुलैमधला भूकंप मात्र फार मोठा, इयाची कितीतरी घरं कोसळली, ५० च्या वर माणसं गेली. आज इयात जे दिसतं त्यातलं बरंचसं त्यानंतर पुन्हा बांधलेलं आहे.

जायचं की नाही हे मी ठरवणार नाही, पण गेलात तर दोन गोष्टी. एक, विम्यात नैसर्गिक आपत्तीमुळे प्रवास रद्द झाला तर पैसे मिळतात का ते बारीक अक्षरात वाचा. दोन, मोबाइलवर कर्कश आवाजात ग्रीक आणि इंग्रजीत सरकारी सूचना येऊ शकते, ११२ क्रमांकाची, ती आली की आधी वाचा मग घाबरा. आणि वहिनींना भीती वाटत असेल तर नाक्सोसला जा, मोठं बेट, वाळू चांगली, वाटेवरच आहे, ज्वालामुखी नाही. नवरा-बायकोच्या भांडणात कालडेरा काय करायचाय.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी मरू का? – दोघी बहिणी

उत्तर : उलट. त्या बेटावर पाणी कमी, जमीन राखेची, त्यामुळे गरिबीचं जेवण जे होतं ते सगळं डाळ-भाजीचं, आणि आता तेच महागड्या ताटात येतं. फावा मागवा. नाव फावा असलं तरी ती शेंग वेगळी, आपल्या लाखेच्या डाळीची चुलत बहीण, शिजवून घोटून वर कांदा, केपर आणि ऑलिव्ह तेल, म्हणजे घट्ट गोळा वरणच, फक्त फोडणी विसरलेलं. मी पहिल्या दिवशी चमच्याने खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी बॅगेतलं लोणचं काढून त्यावर घातलं, वेटरने बघितलं, काही बोलला नाही. मग टोमॅटोची भजी असतात, तोमातोकेफ्तेदेस, तिथले टोमॅटो बोराएवढे आणि पाण्याविना वाढलेले त्यामुळे चव दाट. त्यात कधीकधी अंडं किंवा चीज घालतात, विचारा. पांढरं वांगं मिळालं तर सोडू नका, बिया कमी, जरासुद्धा कडू नाही, आपल्या भरताला लाजवेल (नाही लाजवत, पण चांगलं आहे).

विचारताना "नीस्तिसिमो आहे का" असं विचारा, म्हणजे ग्रीक उपवासाचं, त्यात मांस, दूध, अंडं काही नसतं. पण सावध, त्या उपवासाला कोलंबी आणि माकूल चालतात! म्हणून पुढे "होरिस थालासिना" जोडा, समुद्रातलं काही नको. आणि हो, ग्रीकमध्ये "ने" म्हणजे हो आणि "ओहि" म्हणजे नाही. माझी बहीण दोन दिवस प्रत्येक ने ला नाही समजून उठून जात होती.

ऑक्टोबरात असाल तर २० तारखेला फिनिकियात, इयाच्या अगदी शेजारी, सेंट मात्रोनाचा उत्सव असतो, लसणाची मॅकरोनी करतात, आणि २२ ला एम्पोरिओत सेंट आवेर्किओसचा, तो वाइनवाल्यांचा. देवळाच्या अंगणात गावचे लोक बसलेले असतात, जाऊन एका बाजूला उभं राहिलात तर कुणीतरी हातात काहीतरी देतंच. फोटो मात्र विचारून काढा.

पाणी बाटलीचंच प्या, नळाचं समुद्राचं पाणी गोडं करून येतं, चहा त्याचा भयंकर होतो.

प्रश्न : नोव्हेंबरच्या मध्यात गेलो तर हॉटेलं निम्म्या दरात दिसतायत आणि गर्दी शून्य. मग ऑक्टोबरचा आग्रह कशाला?

उत्तर : गर्दी शून्य कारण बेटच बंद असतं हो. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकेक हॉटेल, एकेक खानावळ दारं लावून घेते, मालक अथेन्सला नाहीतर गावी जातात, युरोपातून थेट येणारी विमानं थांबतात, बसच्या फेऱ्या कमी. इयात तर संध्याकाळी दिवा शोधावा लागतो. पाऊस वाढतो, वारा हाडात शिरतो, पोहणं विसरा.

पण तुम्ही जर लिहिणारे, चालणारे, एकटे राहायला आवडणारे असाल तर जा, खरंच जा. फिरात राहा, तिथे बऱ्यापैकी जागा उघड्या असतात कारण बेटावरचे लोकही कुठेतरी जेवतातच. फिरा ते इया काठाची वाट दहाएक किलोमीटर आहे, तीन-चार तास, उन्हाळ्यात तिथे रांग लागते, नोव्हेंबरात कुत्रं सोबत आलं तर आलं. अक्रोतिरी आणि म्युझियम हिवाळ्यात दुपारी लवकर बंद होतात आणि आठवड्यातून एक सुट्टीचा वार असतो, तो बघून घ्या, आणि नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. बुकिंग करताना हॉटेलला दोन गोष्टी विचारा, खोलीत हीटर आहे का, आणि जवळ कुठली खानावळ रोज उघडी असते. दुसऱ्याचं उत्तर उशिरा आलं तर खोलीत शेगडी असलेली जागा घ्या आणि घरून मेतकूट न्या.